वाडीचं नुकसान हेक्टरात का मोजायचं?

रोठावाला, श्रीवर्धन

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. वारा ताशी ११०-१२० किलोमीटर. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, वाऱ्याने मधोमध मोडते आणि मोडताना बार उडाल्यासारखा आवाज होतो. आम्ही माजघरात बसून ते आवाज ऐकत होतो. ११ गुंठ्यांच्या वाडीत, म्हणजे घरामागच्या नारळ-सुपारीच्या बागेत, ११० पोफळी आणि ६ माड गेले. पोफळींवर चढवलेली मिरी गेली, आणि सावली गेल्यामुळे जायफळं पुढच्या उन्हात करपली.

आधी चांगलं ते सांगतो. एनडीआरएफचे जवान वादळाच्या आधीच जिल्ह्यात आले होते. कच्च्या घरांतली माणसं शाळेत हलवली होती. त्यामुळे माणसं वाचली, हे उपकार मी विसरणार नाही.

माझी तक्रार त्यानंतरच्या मदतीबद्दल आहे. बागेसाठी केंद्राचा निकष तेव्हा हेक्टरी १८ हजार होता, राज्याने तो ५० हजार केला. ऐकायला मोठा आकडा. पण हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे. गुंठ्याला आले ५०० रुपये, माझ्या अख्ख्या वाडीला साडेपाच हजार. ओरड झाल्यावर पोफळीला ५० आणि माडाला २५० रुपये असा झाडाचा दर निघाला, त्या हिशेबाने सात हजार. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायलाच मला चौदा हजार लागले. नवीन रोप फळायला सहा-सात वर्षं जातात, ती वेगळीच.

कोकणात वाडी गुंठ्यात असते आणि उत्पन्न झाडावर असतं. मग झाडाचा दर केंद्राच्या निकषातच कायमचा का नाही? प्रत्येक वादळानंतर आम्ही ओरडायचं आणि मग वेगळा जीआर निघायचा, हे किती वेळा?

निवृत्त मंडळ अधिकारी

तुमचं दुःख खरं आहे, पण मागणी मला पटत नाही. मी त्या जूनमध्ये पंचनाम्यांवर होतो. वीज नाही, फोन नाही, वर लॉकडाऊन. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक अशी तिघं गावभर चालत फिरत होती. आम्ही पोचेपर्यंत निम्म्या लोकांनी झाडं तोडून बाजूला केली होती. (करणारच, घरावर पडलेला माड कोण ठेवील?) मग ११० गेली की ६०, हे कुणाच्या शब्दावर लिहायचं? क्षेत्र सातबारावर असतं, त्यावर भांडण होत नाही.

दुसरं, ही मदत नुकसानभरपाई नाही. राज्य आपत्ती निधीत आपल्याकडे ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ राज्याचा. तो पैसा माणूस पुन्हा उभा राहीपर्यंतच्या आधारासाठी आहे. विदर्भातल्या कापूसवाल्याला एक माप आणि तुम्हाला दुसरं, असं सुरू झालं तर प्रत्येक जिल्हा आपापलं माप घेऊन येईल.

आणि २००९ चं फयान वादळ आठवा. तेव्हा समुद्रात गेलेले किती मच्छीमार परत आलेच नाहीत. निसर्गच्या वेळी होड्या आधीच किनाऱ्याला होत्या. एवढी सुधारणा याच यंत्रणेने केली.

रोठावाला

सातबारावर भांडण होत नाही म्हणता? आमच्या उताऱ्यावर सात नावं आहेत. चार जण मुंबईत आणि गाड्या बंद. संमतीपत्रावर त्यांच्या सह्या आणायला मला सप्टेंबर उजाडला. तोवर पैसे अडकलेले.

खलाशाची बायको, हर्णै

झाडाला दर तरी मिळाला. होडीचे पैसे ज्याच्या नावावर होडी त्याला. खलाशी रोजावर असतो, त्याच्या नावावर काहीच नाही. महिनाभर होडी दुरुस्तीला पडली, आमची चूल कशी पेटली ते कुणी विचारलं नाही.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

तुम्ही दोघं पैशावर भांडताय. २२ जुलै २०२१ ची पहाट मी पोटमाळ्यावर काढली. खाली दुकानातला फ्रीज तरंगून छताला आपटत होता, तो ठकठक आवाज अजून झोपेत येतो. महामार्ग बंद, पुण्याहून येणारी एनडीआरएफची तुकडी वाटेत. आमच्या आळीत पहिली होडी आली ती खाडीकाठच्या पोरांची. त्यांच्याकडे ना लाइफ जॅकेट, ना दोर. त्याच दिवशी महाडजवळच्या तळीयेत दरड कोसळली आणि ८० हून जास्त माणसं गेली. तिथेही पहिले धावले ते आजूबाजूच्या गावांतले.

आता पावसाळ्यात तुकडी आधीच चिपळूणला, महाडला येऊन राहते, हे चांगलंच आहे. पण माझं मत विचाराल तर आधी पैसा त्या पोरांवर घाला. गावातल्याच लोकांना बचावकार्य शिकवणारी ‘आपदा मित्र’ योजना आहे, देशभरात ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करायचे असं ठरलं. आमच्या प्रत्येक आळीत दोन तरी हवेत. माणूस वाचला तर पोफळ पुन्हा लावेल.

रोठावाला

माणूस आधी, हे मला शंभर टक्के मान्य. पण वाचलेल्या माणसाने गावात राहायचं कशावर? निसर्गनंतर माझ्या आळीतल्या दोन वाड्या पडीकच राहिल्या. घरांना कुलपं आहेत.

आणि रावसाहेब, मोजणीवर उपाय आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर पिकाची नोंद, सुरू झाली. फोटो काढून झाडांची संख्या पावसाळ्याआधीच नोंदवून ठेवली, तर नंतर तोडलेल्या झाडांवरून वाद कशाला? पंधराव्या वित्त आयोगाने या निधीतला ३० टक्के भाग पुन्हा उभारणीसाठी वेगळा दाखवलाय. रोपांचे आणि पहिल्या काही वर्षांचे पैसे त्यातून द्या, तातडीच्या मदतीला हात लावू नका.

निवृत्त मंडळ अधिकारी

आधी नोंद असेल तर माझा मोजणीचा आक्षेप मागे घेतो. सगळ्या देशाला एकच माप हवं, हे मात्र अजूनही म्हणतो. आणि एक अडचण सांगतो. तुमच्या वाड्यांत फोनला रेंज नसते आणि वाडी सांभाळणारी माणसं सत्तरीची आहेत. ॲपवर नोंद कोण करणार?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

तीच आपदा मित्रवाली पोरं करतील की. मे महिन्यात घरोघर फिरायचं, झाडं नोंदवायची, आणि कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे तेही लिहून आणायचं.

खलाशाची बायको, हर्णै

त्याच वहीत खलाशांची नावंही लिहा.