महामारी म्हणजे 'सार्वजनिक आणीबाणी' होती का? बारा तासांच्या पाळीचा वाद

मांजलपूरकर
वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) हा विषय अजून मिटलेला नाही. १७ एप्रिल २०२० ला गुजरात सरकारने कारखाना अधिनियमाच्या कलम ५ खाली, म्हणजे सार्वजनिक आणीबाणीत कारखान्यांना सूट देण्याच्या तरतुदीखाली, अधिसूचना काढली: दिवसाला १२ तास, आठवड्याला ७२, आणि जादा तासांना दुप्पट नव्हे, प्रमाणशीर मजुरी. २० जुलैला ती पुन्हा काढली. १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केल्या. मला हा निकाल फार कडक वाटतो. मजूर गावी गेलेले, उरलेल्यांना अंतर राखून कामाला लावायचं. तीनऐवजी दोन पाळ्या केल्या तर गेटवरची एक गर्दी वाचते. संकटात एवढी मोकळीक सरकारला नको?

जुना_कामगार_वकील
मोकळीक हवी, पण कायद्यात असेल तेवढीच. कलम ५ मधली आणीबाणी म्हणजे युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या किंवा त्याच्या एखाद्या भागाच्या सुरक्षेला असलेला धोका. धंदा मंदावला हा सुरक्षेचा धोका नव्हे. शिवाय गेटवरची गर्दी कमी करायला मजुरी कशाला कापावी लागते? अधिसूचनेतलंच उदाहरण घ्या: ८ तासांचे ८० रुपये, तर १२ तासांचे १२०. म्हणजे ७२ तासांचे ७२०. दुप्पट ओव्हरटाइम देणाऱ्या कलम ५९ प्रमाणे ४८ तासांचे ४८० आणि २४ तासांचे दुप्पट दराने ४८०, एकूण ९६०. आठवड्याला २४० रुपये कामगाराच्या खिशातून गेले. हा साथीवरचा उपाय?

रावपुरा_रोड
वकीलसाहेब, व्याख्या इतकी बंदिस्त नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय आणीबाणीच्या अनुच्छेद ३५२ मधून 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र उठाव' घातला. कारखाना अधिनियमात मात्र जुना, व्यापक शब्द तसाच राहिला. लाखो माणसं पायी गावाकडे निघाली, पुरवठा तुटला. ही अशांतता नव्हती तर काय होतं? आणि तेव्हा एकेका कारखान्याचा अर्ज तपासत कोण बसणार होतं?

जुना_कामगार_वकील
शब्द व्यापक आहे, मान्य. पण त्याच वाक्यात 'सुरक्षेला धोका' ही अट आहे, ती तुम्ही गाळलीत. आणि एकेक अर्ज कशाला? कलम ६५(२) खाली राज्य सरकारला कारखान्यांच्या गटालाही कामाच्या तासांत सवलत देता येत होती. तिथे १२ तास चालत होते! फक्त आठवड्याला ६० तासांची आणि तिमाहीत ७५ तास ओव्हरटाइमची मर्यादा येत होती, आणि दुप्पट मजुरी सुटत नव्हती. खरी अडचण हीच शेवटची असावी, असा माझा संशय.

मांजलपूरकर
संशयाला पुरावा लागतो. दुप्पट मजुरी देता न आल्याने छोटं युनिटच बंद पडलं असतं, तर कामगाराला ९६० सोडा, ७२० तरी मिळाले असते का?

पाळी_नोंदवही
आता वसुलीचं. न्यायालयाने अनुच्छेद १४२ (पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचा अधिकार) वापरून त्या काळाचा ओव्हरटाइम कलम ५९ प्रमाणे द्यायला सांगितलं. पण ठेकेदाराच्या कामगाराचं घोडं अडतं ते कागदावर. मस्टरवर हजेरीचा 'पी' असतो, तास नसतात. ओव्हरटाइमचं रजिस्टर ठेकेदाराकडे, आणि तो काम संपताच गायब. कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्यासाठी काम झालं त्या कारखान्यावर, जबाबदारी येत होती, हे अनेकांना माहीतच नव्हतं. गेटवरची पंचिंगची नोंद, बसपास, पगाराची बँकनोंद जोडून औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३-सी(२) खाली थकलेल्या पैशासाठी कामगार न्यायालयात जाता येत होतं. वेतन प्रदान कायद्यातली १२ महिन्यांची मुदत तिथे आड येत नव्हती.

रावपुरा_रोड
नोंदवहीवाले, हे कामाचं सांगितलंत. पण मूळ मुद्द्यावर माझं मत तेच. कारखाना अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत संसदेने 'महामारी' हा शब्दच घातला; आता एका वेळी एक वर्षापर्यंत सूट देता येते. म्हणजे सरकारची गरज खरी होती, हे संसदेनेही मानलं.

जुना_कामगार_वकील
उलट! शब्द नव्याने घालावा लागला, म्हणजे जुन्या कलमात तो नव्हता. आणि ती संहिता लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. एप्रिल २०२० च्या अधिसूचनेला तिचा आधार कसा मिळेल? उलट कलम ५ खाली एका वेळी तीन महिनेच सूट देता येत होती, त्याचं आता वर्ष झालं, त्याची काळजी करा.