मदत हवी आहे : तांड्यावरच्या लेकरांसाठी गोरमाटी गाणी

नमस्कार ताई-दादांनो, मी परभणीत बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करतेय. सध्या सराव पाठ जिंतूरकडच्या एका तांड्यावरच्या अंगणवाडीत आहेत. टाचण, तक्ते सगळं मराठीत, आणि लेकरं घरी बोलतात गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकांची बोली. पहिल्याच दिवशी चार वर्षांची एक पोरगी मुठीत चिंचोके गच्च धरून 'याडी, याडी' करत रडत होती. मी आपली तिला बाहुली दाखवत बसले. याडी म्हणजे आई, हे मदतनीस ताईंनी सांगितलं तेव्हा जीव कसानुसा झाला. दुसऱ्या दिवशी तिच्या याडीलाच थोडा वेळ शेजारी बसवलं, तर तेच चिंचोके मांडून खेळायला लागली!

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, त्यात परिसरातल्याच वस्तूंवर भर होता. मग भाषा तरी परकी कशाला?

कुणाकडे गोरमाटीतली बडबडगीतं, रंगांची-प्राण्यांची नावं असतील तर अर्थासकट द्या. आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर लई बरं होईल, उच्चार चुकला की लेकरं गप्प होतात. पुढच्या सोमवारी माझा गाण्याचा पाठ आहे.