शॉर्ट शिफ्टरच्या आधी बुश बघा
शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअरच्या दांड्याचा प्रवास कमी करणारं किट, बसवला की गिअर लोण्यासारखे पडतात, असं या चर्चेत वर दोघांनी म्हटलंय. दांड्याचा प्रवास कमी होतो हे कबूल, पण लोणी? नाही राव. शेवटी हा तरफेचाच खेळ. टेकू वर सरकवला तरी गिअरबॉक्समधला फोर्क (गिअर जोडणारा काटा) पूर्वीइतकाच सरकावा लागतो. प्रवास 40 टक्क्यांनी घटवला तर हाताचा जोर दीडपटीहून जास्त लागणार. घाईत ओढलं तर सिंक्रोला, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्याला, वेळही कमी. दुसरा गिअर आधीच खरखरत असेल तर किट त्यावर औषध नाही.

आणि एक राहिलंच. माझदा एमएक्स-5 मध्ये दांडा थेट गिअरबॉक्सवर बसतो, आपल्या आय20 एन लाइनसारख्या गाड्यांत मध्ये केबल असतात. माझी जुनी टर्बो सेडानही केबलवालीच. न्यूट्रलमध्ये दांडा वरणातल्या पळीसारखा फिरायचा. कन्नडच्या घाटात तिसरा समजून पाचवा पडला, मागच्या ट्रकवाल्याने काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. मी किट मागवणारच होतो, पण चिकलठाण्याकडच्या मिस्त्रीने गाडी वर घेतली आणि केबलच्या टोकाचे झिजलेले बुश (सांध्यातली छोटी नळकांडी) हातात ठेवले. बुश बदलले, केबल अ‍ॅडजस्ट केली, बहुतेक ढिलाई तिथेच गेली. खर्च किटच्या मानाने किरकोळ.

हौस म्हणून वजनदार स्टीलचा नॉब तेवढा लावला. छान वाटतो, फक्त मे महिन्यात उन्हात गाडी लावली की पहिला गिअर रुमालाने टाकावा लागतो.