प्रिन्सिपल व्हायचंय, पण सर्टिफिकेट नक्की कुठलं करू?

ऐरोलीची_टीचर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी एम.ए. बी.एड., कोपरखैरण्यात एका विनाअनुदानित स्टेट बोर्डाच्या शाळेत १४ वर्षं इंग्लिश शिकवतेय, पाचवी ते दहावी. आमच्या प्रिन्सिपल मॅम पुढच्या मेमध्ये रिटायर होतायत आणि स्टाफरूममध्ये आत्तापासूनच कुजबुज सुरू झालीये की मॅनेजमेंट बाहेरून कोणीतरी आणणार, कारण आमच्यापैकी कोणाकडे "लीडरशिपचं क्वालिफिकेशन" नाही म्हणे. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिने तिकडच्या एका युनिव्हर्सिटीची लिंक पाठवली, स्कूल लीडरशिप अँड अॅडमिनिस्ट्रेशनचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट, ऑनलाइन, ५ कोर्स १५ क्रेडिट. अटी वाचल्या तर पदवी, ट्रान्सक्रिप्ट, दोन शिफारसपत्रं, शिकवण्याचा अनुभव, आपण का करतोय त्यावर निबंध आणि शेवटी शाळेत प्रत्यक्ष काम करून दाखवायचं, म्हणजे जमण्यासारखं आहे सगळं. पण फी साडेआठ लाखांच्या घरात!! नवरा म्हणाला एवढ्यात घणसोलीत पार्किंग येईल. कोणी केलंय का असं काही? इकडे धरतात का? की आपल्याकडचंच काही करावं?

वाशी_लोकल
ताई साडेआठ लाख?? आधी ती लिंक बंद करा 😄
आपल्याकडे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा डी.एस.एम. आहे, शालेय व्यवस्थापन पदविका, माझ्या ओळखीतल्या अर्ध्या शिक्षकांनी तोच केलाय. मीही केला, ठाणे-वाशी लोकलमध्ये जाता येता पुस्तकं वाचून, रबाळेला एक प्रकरण संपायचं. दुसरा ऑप्शन इग्नूचा, शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाचा पी.जी. डिप्लोमा, त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते, कमीत कमी १ वर्ष आणि जास्तीत जास्त ३ वर्षांत संपवायचा. जानेवारी आणि जुलै असे दोन वेळा प्रवेश असतात. असाइनमेंट वेळेत द्या, त्याचे मार्क धरतात, नंतर परीक्षेत कितीही चांगलं लिहिलं तरी असाइनमेंट राहिली की निकाल अडकतो, आमच्या बॅचला दोघांचं तेच झालं. आणि हो, आता दूरशिक्षणाला कुठेही नाव घालायचं तर आधी यूजीसीचा डेब आयडी (त्यांच्या दूरशिक्षण ब्युरोचा विद्यार्थी क्रमांक) काढावा लागतो, शेवटच्या दिवशी काढायला बसू नका.

हेडसर_निवृत्त
मॅडम, कोर्सचं नंतर बघू. मला आधी सांगा, तुम्ही तुमच्या शाळेची ज्येष्ठता यादी शेवटची कधी पाहिलीत?
विचारतोय कारण बरेच जण समजतात की एम.ई.पी.एस., म्हणजे खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा, हे फक्त अनुदानित शाळांचं प्रकरण. तसं नाहीये. १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू आहे, तुमच्या विनाअनुदानितलासुद्धा. त्यात माध्यमिकचा मुख्याध्यापक व्हायला काय लागतं, तर पदवी, बी.एड. आणि पदवीनंतर माध्यमिक शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेज ऑफ एज्युकेशनमध्ये (म्हणजे डी.एड. कॉलेजात) ५ वर्षं पूर्णवेळ शिकवल्याचा अनुभव, त्यातली निदान २ वर्षं बी.एड. झाल्यानंतरची. संपलं. लीडरशिपचा शब्द कुठे नाही. आणि पद भरायचं ते या अटीत बसणाऱ्या, सेवा समाधानकारक असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकातून, बाहेरून आणायची मुभा घरात पात्र माणूस असताना नाही. अल्पसंख्याक संस्था असेल तर गोष्ट वेगळी, त्यांना ज्येष्ठतेबाहेर निवड करता येते.
ज्येष्ठता त्याच नियमावलीच्या अनुसूची फ प्रमाणे धरतात, तिथे शिक्षकांचे प्रवर्ग पाडलेत. तुम्ही बी.एड. म्हणजे क प्रवर्गात. आता गंमत बघा, तुमच्या एम.ए.मुळे तुम्ही बी.ए. बी.एड.वाल्याच्या वर जात नाही, दोघं एकाच प्रवर्गात, पुढे कोण ते क प्रवर्गात आधी कोण आला त्यावर. मग १५ क्रेडिटच्या सर्टिफिकेटने काय होणार?
माझंच सांगतो. माझा बी.एड.चा निकाल जुलैचा, यादीत पडलं होतं नोव्हेंबर. यादी यायची नेमकी पेपर तपासायच्या दिवसांत, शिपाई दारात उभा, "सर पटकन सही", मी गठ्ठ्यावर ठेवून सही ठोकायचो. अशा ४ सह्या केल्या. पाचव्या वर्षी लक्षात आलं की माझ्या वर जे नाव आहे ते सप्टेंबरचं आहे. मग दोन वर्षं पत्रव्यवहार, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच की तेव्हा हरकत का नाही घेतली, सही तर तुमचीच आहे.

नेरूळ_कोऑर्डिनेटर
सरांचं कायद्याने बरोबर आहे पण प्रत्यक्षात काय होतं ते पण सांगा ना सर. विनाअनुदानित ट्रस्टवाले पेपरात जाहिरात देतात, मुलाखती घेतात, आणि १४ वर्षं त्यांचा पगार घेतलेली बाई ट्रिब्युनलमध्ये (शाळा न्यायाधिकरणात) जाईल का? फार कमी जातात. मी स्वतः सीबीएसईच्या शाळेत आहे, गेल्या वर्षी दोन ठिकाणी व्हाइस प्रिन्सिपलसाठी मुलाखत दिली, दोन्हीकडे डिप्लोमाबद्दल विचारलं. निवड त्यावर नाही झाली, पण बोलायला विषय मिळाला. त्यामुळे अगदी निरुपयोगी म्हणू नका. फक्त स्वस्तातलं करा. दिल्लीच्या नीपामध्ये (शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राष्ट्रीय संस्था) नॅशनल सेंटर फॉर स्कूल लीडरशिप आहे, त्यांचा शाळाप्रमुखांसाठी ऑनलाइन कोर्स आहे, आधी तो करून बघा की हे काम आपल्याला आवडतंय का.

हेडसर_निवृत्त
मॅडम, ट्रिब्युनलचं मान्य, मीही कोणाला हौसेने जा म्हणणार नाही. पण कोर्टात जाणं वेगळं आणि आपला हक्क काय हे माहीतच नसणं वेगळं. एक खास सांगतो. ज्येष्ठ शिक्षकाला डावलायचं असेल तर त्याने स्वखुशीने हक्क सोडल्याचं लागतं, तेही स्वतःच्या हस्ताक्षरात, आणि शिक्षणाधिकाऱ्यांसमोर. टाइप केलेल्या कागदावर "मॅडम फक्त फॉर्मॅलिटी आहे" म्हणून सही मागितली तर देऊ नका.
आणि आवडतंय का बघा म्हणालात ते अगदी बरोबर. हेडमास्तर झाल्यावर पहिला सप्टेंबर मी कसा काढला ते मलाच माहीत. अनुदानित शाळा, संचमान्यता (म्हणजे शिक्षकांची किती पदं मंजूर ते) पटावर, पट आधारवर. एका मुलीचं आधारवर वैष्णवी आणि रजिस्टरला वैश्णवी, एवढ्या एका श आणि ष पायी पोरगी रोज वर्गात बसलेली असूनही पोर्टलच्या हिशेबात नाही. तिचे वडील नाक्यावर बिगारी, त्यांना आधार केंद्रावर न्यायचं म्हणजे त्यांचा एक दिवसाचा रोज बुडवायचा. अशी १९ मुलं होती आणि त्यावर एका शिक्षकाचं पद लटकलेलं. विनाअनुदानितला ते नाही, पण तुम्हाला २०११ चा फी कायदा आहे, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचा अध्यक्ष प्रिन्सिपल असतो आणि पालक सभासद चिठ्ठ्या टाकून निवडतात. फीवाढीच्या मीटिंगला एकीकडे मॅनेजमेंट, एकीकडे पालक, मधे तुम्ही.

नौपाड्याचा_परदेशी
मूळचा ठाणेकर, बायको इथे न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये शिकवते म्हणून लिहितोय. इकडे असली सर्टिफिकेट करतात ती राज्याचं लायसन्स मिळवायला. आमच्या राज्यात प्रिन्सिपलसाठी मास्टर्स, ५ वर्षांचा अनुभव, ३०० तासांची इंटर्नशिप आणि एसएलएलए नावाची परीक्षा, ती ईटीएस घेते, तीच टोफेलवाली. दुसऱ्या राज्यात गेलात की अटी बदलल्या. आणि नुसतं "ग्रॅज्युएट सर्टिफिकेट" आणि "लायसन्सला नेणारा प्रोग्रॅम" या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पुष्कळ ठिकाणी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यातून लायसन्स मिळत नाही. तुमच्या लिंकवर ते आधी शोधा. अमेरिकेत यायचा विचार नसेल तर साडेआठ लाख कशाला, इकडची शाळा मराठी क प्रवर्ग ओळखत नाही आणि तिकडची आमचं एसएलएलए.

कळवा_मास्तर
सगळ्यांचं वाचलं, टीईटीचं (पहिली ते आठवीच्या शिक्षकांची पात्रता परीक्षा) कोणीच कसं नाही बोललं? ताई पाचवी ते दहावी म्हणताय म्हणजे आठवीपर्यंतचे वर्ग आले. सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आहे, निवृत्तीला ५ वर्षांपेक्षा जास्त असतील त्यांनी २ वर्षांत टीईटी पास व्हायचं, आणि ५ पेक्षा कमी उरली असतील त्यांना नोकरी चालू ठेवता येईल पण प्रमोशन हवं तर टीईटी पाहिजेच. तुमच्या पदाला कसं लागतं ते नीट विचारून घ्या, पण मी तुमच्या जागी असतो तर कुठल्याही डिप्लोम्याआधी टीईटीचा फॉर्म भरला असता. मी ४३ व्या वर्षी बालमानसशास्त्र घोकतोय, मुलगा हसतो.

ऐरोलीची_टीचर
सगळ्यांना मनापासून थँक्यू 🙏 लिंकच्या तळाशी खरंच तसं लिहिलेलं निघालं, नणंदेला पाठवलं तर ती म्हणे अगं मी तरी कुठे वाचलं होतं. डी.एस.एम.चं पुढच्या वर्षी बघते, टीईटी आधी.
हेडसर, तुमचं वाचून आज ऑफिसात यादी मागितली. क्लार्क दादा आधी म्हणाले कशाला मॅडम, मग म्हणाले कपाटात आहे. कपाट उघडलं. माझी सही आहे ११ वर्षांची, तारखेसकट, यादी मात्र मी आज पहिल्यांदा वाचली. मी क प्रवर्गात तिसरी, आणि दुसऱ्या नंबरच्या मॅडम डिसेंबरमध्ये रिटायर होतायत. पहिल्या नंबरच्या नावापुढे बी.एड.ची तारीखच नाही, रकाना कोरा. झेरॉक्स मागितली तर म्हणाले अर्ज द्या. अर्ज कोणाच्या नावाने करू, प्रिन्सिपल की सेक्रेटरी?

हेडसर_निवृत्त
मुख्याध्यापकांच्या नावाने. दोन प्रती करा, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन घरी आणा.