ईडीच्या (इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या) शीटवर फ्रेंच कर्व्हची, म्हणजे वळणदार कडांच्या पट्टीची, सक्ती हवी का?

ऐरोलीची आई
मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. समकेंद्री वर्तुळांच्या पद्धतीनं १२० बाय ८० मिमीचा इलिप्स (लंबवर्तुळ) काढला. बाराही बिंदू अचूक, पण जोडले नुसत्या हातानं. सरांनी गुण कापले. घरी रडारड झाली, तरी मला सरांचं पटतं. शीट बघितली, तर उजव्या टोकाला चक्क कोपरा आलाय. मी स्वतः सिव्हिलची. या इलिप्सची वक्रता-त्रिज्या (त्या वळणाशी जुळणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या) टोकाला जेमतेम २७ मिमी, वर-खाली ९० मिमी. एवढा बदल नवखा हात कसा सांभाळणार? पट्टी सक्तीचीच हवी.

कळवा पूर्व
अजिबात पटलं नाही. मी डिप्लोमाला शिकवते. पट्टी हातात आली की मुलं बिंदूंकडे बघायचंच सोडतात. दोन बिंदूंना कड टेकवली, ओढली रेघ, सरकवली पुढे. प्रत्येक सांध्यावर कुबड! आधी हात तयार होऊ दे, पट्टी दुसऱ्या सत्रात.

घणसोली
दोन्हीत वेळ कशाला घालवायचा? संगणकावर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड १९८२ पासून आहे. महापेला आमच्या ऑफिसात एकाच्याही टेबलावर ही पट्टी नाही. अक्ष दिले की इलिप्स तयार. ते तास मुलांना कॅडवर द्या.

जुना ट्रेसर, ठाणे
ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात वीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईनं ड्रॉइंग काढलंय. कळव्याच्या ताई, कुबड पट्टीमुळे येत नाही, घाईमुळे येतं. आधी २एच (कडक शिशाच्या) पेन्सिलीनं अगदी पुसट, हातानंच वळण काढायचं. मग पट्टी फिरवत निदान चार बिंदू कडेला लागेपर्यंत थांबायचं, आणि रेघ फक्त मधल्या दोनांत ओढायची. पट्टीची पुढची बैठक मागच्या रेघेवर थोडी चढली पाहिजे. पट्टीवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या की तीच उलटून इलिप्सच्या उरलेल्या तीन पाव भागांना चालते.

मुलीचा कोपरा का आला, तेही सांगतो. तीस अंशांच्या बिंदूंत टोकापासून पुढचा बिंदू एकवीस-बावीस मिमी लांब पडतो. तिथे पंधरा अंशांवर एक जादा बिंदू घ्यायला सांगा. आणि टोकावर रेघ तोडू नका, अक्षाच्या दोन्ही बाजूंचे बिंदू एकाच बैठकीत घ्या.

घणसोली
मान्य, पण हे कसब नोकरीत कुठे लागतं?

ऐरोलीची आई
लागतं. कॅडमध्ये बिंदूंतून स्प्लाइन (सलग वक्ररेषा) टाकली आणि एक बिंदू चुकला, तर तिथेही वळण फुगतंच. ते फुगलंय हे डोळ्याला कळायला नको?

कळवा पूर्व
चार बिंदूंचा नियम उद्याच वर्गात सांगते. सक्तीला मात्र माझा विरोध कायम. आणि पट्टी घ्यायचीच असेल तर तीनचा संच घ्या. एकाच मोठ्या पट्टीवर २७ मिमीचं वळण शोधताना मुलं रडकुंडीला येतात.

ऐरोलीची आई
संध्याकाळी ठाणे स्टेशनला उतरून संच घेते. शीट सोमवारी पुन्हा द्यायचीय.