महाग ग्राफिक कार्ड घ्यावे की स्वस्त कार्डाला वॉटरकूलिंग करावे? (जळगावचा उन्हाळा) – मदत हवी आहे

नमस्कार. मी जळगावात सराफांसाठी दागिन्यांची त्रिमितीय चित्रे तयार करून देते. कॅडमधील (संगणकावर आखलेला) आराखडा माझ्याकडे येतो आणि त्यावरून मी ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये, त्यातले सायकल्स हे इंजिन वापरून, रेंडर म्हणजे अंतिम चित्र काढते. खड्यांच्या दागिन्यांत प्रकाश खड्याच्या आतच अनेकदा उलटसुलट फिरत असल्यामुळे एकेका चित्राला बराच वेळ लागतो, आणि गिऱ्हाइकाला फिरता व्हिडिओ हवा असेल तर संगणक रात्रभर चालवून पुढची दुपारही त्यातच जाते. सध्याचे एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) हे कार्ड लग्नसराईच्या कामाला पुरत नाही, म्हणून ते बदलायचे आहे.

माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, आरटीएक्स ५०७० टीआय (१६ जीबी) घ्यावे आणि त्याच्या मूळ पंख्यांवरच चालवावे. दुसरा, आरटीएक्स ५०७० (१२ जीबी) घ्यावे आणि वाचलेल्या पैशांत त्याला वॉटरब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी खेळवणारा धातूचा ठोकळा), पंप, रेडिएटर असे संपूर्ण वॉटरकूलिंग करून घ्यावे. दुकानदाराने सांगितलेल्या दरांनुसार दोन्ही कार्डांत सुमारे पंचवीस हजारांचा फरक आहे आणि वॉटरकूलिंगच्या सामानाचा अंदाज तीस हजारांच्या थोडा वर जातो. म्हणजे दोन्ही मार्गांचा खर्च जवळजवळ सारखाच.

माझा कल पाण्याकडे झुकला तो इथल्या हवेमुळे. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, माझी खोली वरच्या मजल्यावर थेट गच्चीखाली आहे आणि कूलर लावूनही दुपारी खोलीत ३६ ते ३८ अंश राहतात. कूलर बंद असला तर चाळिशी ओलांडते. परदेशी परीक्षणांत कार्डांची चाचणी वीस-बावीस अंशांच्या खोलीत होते, त्यामुळे त्यांतील तापमानाचे आकडे मला लागू पडत नाहीत. अशा खोलीत तीनशे वॅटचे कार्ड तासन्‌तास पूर्ण भाराखाली चालले, तर ते स्वतःचा वेग कमी करील आणि जास्तीचे पैसे वाया जातील, अशी मला शंका आहे. उलट, थंड ठेवलेले स्वस्त कार्ड त्याची बरोबरी करील काय? शिवाय कूलरच्या दमट हवेत पाण्याचे कूलिंग असलेला संगणक ठेवणे सुरक्षित आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

ताई, प्रश्न नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तरही आकड्यांतच देतो. ५०७० मध्ये ६१४४ कुडा कोअर (आकडेमोड करणारे घटक) आहेत आणि ५०७० टीआयमध्ये ८९६०, म्हणजे सुमारे ४५ टक्के जास्त. मेमरीचा वेग पहिल्याचा सेकंदाला ६७२ जीबी, तर दुसऱ्याचा ८९६ जीबी. हे अंतर पाणी भरून काढू शकत नाही. एनव्हिडियाची कार्डे तापू लागली की आपला वेग १५-१५ मेगाहर्ट्‌झच्या लहान पायऱ्यांनी उतरवतात. त्यामुळे कार्ड वीस अंशांनी थंड ठेवले तरी वेगात पडणारी भर मोजक्या टक्क्यांची असते. त्यातही किती वॅट खर्च करायचे याची मर्यादा कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डात साठवलेल्या मूळ प्रणालीत) बांधलेली असल्यामुळे केवळ थंड आहे म्हणून ते मोकाट धावणार नाही.

याहून मोठा मुद्दा तुमच्या प्रश्नात आलेलाच नाही, तो म्हणजे मेमरीचा. तुमच्या आजच्या कार्डात १२ जीबी आहेत आणि ५०७० मध्येही १२ जीबीच आहेत. मोठ्या हारात प्रत्येक खडा वेगळा, त्यावर ठळक टेक्स्चर, मागे चकाकणारा पृष्ठभाग. असे दृश्य कार्डाच्या मेमरीत मावले नाही तर डेटा रॅममध्ये जाऊन रेंडर रेंगाळते किंवा मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबते. रेंडर चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक मेमरीचा आकडा पाहून इथे लिहा. तो ११ जीबीच्या घरात जात असेल, तर ५०७० हा पर्याय मी यादीतूनच काढून टाकीन.

उन्हाळ्याबद्दलची तुमची काळजी रास्त आहे, पण तिच्यावर फुकटचा उपाय आहे. ५०७० टीआयची मर्यादा ३०० वॅट आहे. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती २५० वॅटच्या आसपास आणावी. वीज जेवढ्या टक्क्यांनी घटते त्याहून बऱ्याच कमी टक्क्यांनी वेग घटतो. २५० वॅट म्हणजे ५०७० पूर्ण भाराखाली जेवढी उष्णता टाकते तेवढीच, आणि कोअर मात्र दीडपटीच्या जवळ. थंडीत मर्यादा पुन्हा वाढवता येते.

प्रतिसाद २

मी धुळ्यात स्वतःच्या संगणकाला वॉटरकूलिंग केलेले आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, जरी निष्कर्ष पहिल्या प्रतिसादासारखाच निघतो.

पाणी उष्णता नष्ट करत नाही, ती चिपवरून उचलून रेडिएटरपर्यंत नेते. रेडिएटर खोलीतच असेल तर २५० वॅटची उष्णता शेवटी खोलीतच पडते आणि पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही. ३८ अंशांच्या खोलीत पाणी ४५ ते ५० अंशांवर स्थिरावले तर नवल नाही. नेहमीचे डी५ प्रकारचे पंप ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेले असतात आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच सुमारास मऊ पडू लागतात. थंड देशांत जी मोकळीक मिळते ती आपल्याकडे मे महिन्यात उरत नाही.

दमटपणाची भीती मात्र बाळगू नये. थंड पृष्ठभागावर दव धरते. वॉटरब्लॉक हवेपेक्षा गरमच असल्यामुळे त्यावर पाणी साचत नाही. त्रास होतो तो कूलरच्या तुषारांचा. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड, त्यामुळे कूलरच्या झोतात ठेवलेल्या वस्तूंवर पांढरा थर चढतो. कॅबिनेट एअरकूल्ड असो की वॉटरकूल्ड, झोताच्या थेट समोर नको.

देखभालीचा विचारही करा. लूपमध्ये (पाणी फिरते त्या बंद मार्गात) डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक द्रव लागतो; तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला तर धातू खाल्ला जातो; आणि वर्षाकाठी पाणी बदलण्यासाठी सगळे खोलावे लागते. तुमचे काम लग्नसराईत थांबून चालणार नाही. ब्लॉक कार्डाच्या नेमक्या सर्किट बोर्डासाठीच बनतो, त्यामुळे स्वस्त मॉडेलला तो मिळतोच असे नाही, आणि पुढे कार्ड बदलले की ब्लॉक बहुधा निरुपयोगी ठरतो. मूळ हीटसिंक काढल्यास वॉरंटीचे काय होते, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे.

पाण्याचा खरा फायदा एकाच प्रकारे होतो. नळ्या भिंतीतून काढून रेडिएटर उत्तरेच्या बाजूला, सावलीत, खोलीबाहेर बसवणे. तसे केले तर उष्णता बाहेर जाते आणि कूलरवरचा भार कमी होतो. मी तसेच केले आहे, पण तो माझा छंद आहे. ज्याच्या पोटापाण्याचा व्यवसाय त्या संगणकावर आहे, त्याला मी हा उद्योग सांगणार नाही.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. खड्यांच्या हाराचे दृश्य उघडून पाहिले. मेमरीचा आकडा ११ जीबीच्या थोडा वर जातो. त्यामुळे ५०७० टीआयच घेते आणि मर्यादा २५० वॅटवर ठेवते. आता एकच शंका आहे. माझा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) ६५० वॅटचा, चांगल्या प्रतीचा आहे. तो चालेल की बदलावा?

प्रतिसाद १

एनव्हिडियाने या कार्डासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे. मर्यादा कमी ठेवली तर ६५० वर चालण्यासारखे आहे, पण गरम खोलीत एसएमपीएसवरही ताण येतो आणि रात्रभराच्या कामात विजेच्या मागणीचे क्षणिक झटके बसतात, म्हणून बदलणेच योग्य. नव्या एसएमपीएसला १२व्ही-२x६ ची (कार्डाला वीज देणाऱ्या कनेक्टरची) वायर मूळचीच असेल असे पाहावे, म्हणजे ॲडॅप्टर जोडावा लागणार नाही, आणि कनेक्टर शेवटपर्यंत बसल्याची खात्री करावी. वॉटरकूलिंगचे जे पैसे वाचले ते बहुतेक महाग कार्डातच जातील, पण या एसएमपीएसनंतर जमेल तसे समोर जाळी असलेले कॅबिनेट, दोन चांगले पंखे आणि वीज गेल्यावर रेंडर जतन करण्याइतका वेळ देणारा यूपीएस हेही घ्यावे. व्हिडिओ मात्र थेट एका फाइलमध्ये न काढता एकेक फ्रेम पीएनजी म्हणून साठवावा. मध्येच वीज गेली तर जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू करता येते.