रेस संपलेला घोडा हौशी स्वाराने घ्यावा का?

मावळी_स्वार

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर दर हिवाळ्यात इंडियन डर्बी ही मोठी रेस होते, ती चार वर्षांच्या घोड्यांची. म्हणजे घोड्याचं सगळं कौतुक चौथ्या वर्षापर्यंत. पुढे वेळ घसरली किंवा पाय दुखावला की तो मालकाला जड होतो. नीट सांभाळलेला थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, पंचवीस वर्षं सहज जगतो. मग उरलेल्या वर्षांचं काय? नशीबवान असेल तो स्टड फार्मवर (पैदाशीच्या फार्मवर) किंवा एखाद्या रायडिंग क्लबात जातो. बाकीचे हात बदलत बदलत कुठे वरातीत, कुठे चौपाटीवर पोचतात.

माझं ठाम मत आहे की हौशी स्वाराने घोडा घ्यायचा तर आधी हे घोडे बघावेत. शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या), ड्रेसाज (ठरावीक चालींचं प्रदर्शन), इव्हेंटिंग (हे दोन्ही आणि माळरानावरची दौड), सगळं ते करू शकतात. फक्त मधला काळ गाळायचा नाही. ट्रॅकवरून उतरला की दोन-तीन महिने मोकळा सोडायचा, ओट हळूहळू कमी करायचे, गवत वाढवायचं, रेसचे हलके अॅल्युमिनियमचे नाल काढून टाकायचे. मग पहिल्यापासून सुरुवात.

लोक म्हणतात, हा तर शिकलेला घोडा. शिकलाय, पण वेगळंच. जॉकीला पायाखाली हात देऊन वर बसवतात, तेही बऱ्याचदा घोडा चालत असताना. त्यामुळे आपण रिकिबीत पाय ठेवला की हा चालू पडतो, कारण उभं राहायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. रेसमध्ये तो ताणलेल्या लगामावर भार टाकून पळतो. नवा स्वार घाबरून लगाम ओढतो आणि घोड्याला वाटतं, पळ म्हणतायत. यात त्याची खोडी काही नाही. पोटरीचा हलका दाब म्हणजे पुढे, पाठीवर बसणं जड झालं म्हणजे हळू, ही भाषा त्याला नव्याने द्यावी लागते. ती द्यायला महिने लागतात, पण तो घेतो. इतका उत्सुक शिष्य दुसऱ्या जातीत मी पाहिला नाही.

ठाणेकर_आई

असहमत, आणि अनुभवाने असहमत. माझी बारा वर्षांची मुलगी एका रायडिंग स्कूलमध्ये जायची. तिला दिलेला घोडा आदल्या सीझनपर्यंत रेसमध्ये होता, हे आम्हाला नंतर कळलं. शेजारून दुसरा घोडा कॅंटरमध्ये (मध्यम दौडीत) पुढे गेला आणि हा सुटला. तिने जिवाच्या आकांताने लगाम ओढला, तुम्ही वर लिहिलंय अगदी तसंच. गळ्याचं हाड मोडलं. तुमचे "महिने" कागदावर ठीक आहेत. प्रत्यक्षात घोडा फुकट मिळतो, म्हणून तो आठवड्याभरात बॅचला लावतात. मुलं शिकतात तिथे हे घोडे नकोतच.

जंपिंगवेडा

स्पर्धेचं बोलायचं तर पदकं बघा. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये फवाद मिर्झाने इव्हेंटिंगचं रौप्य आणलं. 2023 मध्ये हांगझोला ड्रेसाजच्या संघाने सुवर्ण आणलं, त्यात आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. यातला एकही घोडा आपल्या रेसकोर्सवरचा नव्हता, सगळे युरोपात तयार झालेले. ज्याला पुढे जायचंय त्याने रेसच्या घोड्यावर चार वर्षं का घालवावीत?

मावळी_स्वार

@जंपिंगवेडा, मी हौशी स्वाराबद्दल बोलतोय. युरोपातून घोडा आणायची ऐपत किती जणांची? आणि वरच्या पातळीवर थरोब्रेड चालत नाही हेही खरं नाही. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हिल्डा गर्नी यांनी अमेरिकन संघासोबत ड्रेसाजचं कांस्य जिंकलं ते कीन नावाच्या थरोब्रेडवर. नेव्हिल बार्डोस तर ऑस्ट्रेलियात रेसमध्ये नापास झालेला, कत्तलखान्याच्या वाटेवरचा घोडा. बॉइड मार्टिनने त्याला घडवलं. मे 2011 मध्ये तबेल्याला आग लागली, धुराने त्याचा घसा आणि श्वासनलिका भाजली, आणि त्याच सप्टेंबरात तो इंग्लंडमधल्या बर्लीच्या इव्हेंटिंग स्पर्धेत सातवा आला.

@ठाणेकर_आई, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण दोष घोड्याचा नाही, आठवड्याभरात बॅचला लावणाऱ्याचा आहे.

पशुवैद्य_सातारा

दोन्ही बाजू पायांकडे बघायला विसरतायत. रेसमधून घोडा निघतो तो बरेचदा पुढच्या पायाच्या शिरेमुळे, म्हणजे टेंडनमुळे (रक्तवाहिनी नव्हे). नळीच्या मागची शीर दोन बोटांत धरून वरून खाली यावं. कुठे गरम लागते, कुठे केळ्यासारखी फुगलीय, कुठे दाबल्यावर तो पाय खेचतो, हे आधी बघा. दुसऱ्या पायाशी ताडून बघा. सोनोग्राफी करा. शीर फाटली असेल तर भरायला नऊ महिने ते वर्ष जातं आणि भरल्यावरही ती पहिल्यासारखी लवचीक राहत नाही. असा घोडा कदमचाल आणि ट्रॉटवर (दुडक्या चालीवर) वर्षानुवर्षं सुखाने चालेल, पण उड्या मारायला लावाल तर पुन्हा फाटेल.

दुसरं पोट. भरपूर दाणा, थोडं गवत, दिवसभर तबेल्यात कोंडलेला. यातल्या बहुतेकांना जठरात अल्सर असतात. खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) कसताना चावतो म्हणून "वाईट स्वभावाचा" ठरवलेले कितीतरी घोडे नुसते पोटाने आजारी असतात.

तिसरं वजन. जॉकी पन्नास-पंचावन्न किलोचा, तोही रिकिबीत उभा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये, आणि पाठीचे स्नायू भरेपर्यंत त्याहून बरंच कमी.

मुक्त_कुरण

मला मूळ मुद्दाच पटत नाही. "दुसरं करिअर" हा शब्द ऐकायला गोड आहे, पण दरवर्षी नवी शिंगरं जन्माला घालायची, वापरायची आणि नंतरचा भार हौशी लोकांच्या प्रेमावर टाकायचा, याला ते पांघरूण होतं. या घोड्यांना काम नको, कुरण द्या. काम करून दाखवलं तरच जगायचा हक्क, हा कुठला न्याय? आणि जागा तरी कुठे आहे? महालक्ष्मीच्या 211 एकरांतले 120 एकर सार्वजनिक उद्यानाला गेले. मुंबईत घोडा मोकळा सोडायला वाफाभर जमीन मिळत नाही.

मावळी_स्वार

कुरण हवंच, पण वीस वर्षं त्याचा खर्च कोण उचलणार? ज्याच्यावर कोणी बसतं त्याला नालबंद वेळेवर येतो, डॉक्टर वेळेवर येतो. विसरलेल्या घोड्याला कोणी बघत नाही. ब्रिटनमध्ये 2000 साली याच कामासाठी रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस ही संस्था निघाली आणि रेसच्या धंद्यातून तिला पैसा जातो. हाँगकाँगचा जॉकी क्लबही निवृत्त घोडे पुन्हा शिकवतो. आपल्याकडे बक्षिसाच्या रकमेतून ठरावीक हिस्सा यासाठी काढला, तर मुंबई-पुण्याचा सीझन संपल्यावर हे घोडे मावळात किंवा साताऱ्याकडे माळावर विश्रांतीला नेता येतील. पैदाशीवर मर्यादा आणण्याबद्दल मात्र @मुक्त_कुरणशी माझं भांडण नाही.

ठाणेकर_आई

हिस्सा येईल तेव्हा येईल. मुलगी परत बसायचं म्हणतेय. यावेळी मी लेखी विचारणार आहे: शेवटची रेस कधी, त्यानंतर किती महिने मोकळा होता, मुलांच्या आधी कोणी फिरवला, पायाची सोनोग्राफी कुठे आहे. उत्तरं नसतील तर तिला मी त्या घोड्यावर बसू देणार नाही. तो कितीही गुणी असला तरी.